वॉक लीडर होताना, किंवा चौदाचे पंधरा कसे झाले

इंग्लंडात येऊन अकरा वर्षं झाली तरी घरातून रोज दिसणाऱ्या टेकड्यांवर मी एकदाही गेले नव्हते, हे आधीच कबूल करते. आम्ही आयल्सबरीत राहतो, इथनं चिल्टर्नच्या टेकड्या ट्रेनने दोन स्टेशनांवर आहेत. पण वीकेंड म्हणजे लॉन्ड्री, भाजी, मुलाचा क्लास, आणि कुणाकडे तरी गेट-टुगेदर, त्यात डोंगर कुठे बसणार. मी मूळची नाशिकची, कॉलेजात असताना रामशेज, हरिहर, ब्रह्मगिरी सगळं पायाखाली घातलेलं, त्यामुळे मनात एक माज पण होता की ह्या काय टेकड्या, २६० मीटर म्हणजे आपल्याकडे त्याला कुणी नाव पण देणार नाही.

मुलगा युनिव्हर्सिटीला गेला आणि शनिवार एकदम रिकामा झाला. मग लायब्ररीतल्या बोर्डावर वॉकिंग ग्रुपचा कागद दिसला. इथे रॅम्बलर्स म्हणून मोठी संस्था आहे, १९३५ पासूनची, तिचे गावोगावी ग्रुप असतात आणि ते सगळे व्हॉलंटियर लोकच चालवतात. पहिले दोन-तीन वॉक फुकट, आवडलं तर मेंबर व्हा. म्हणलं जाऊन तर बघू.

पहिल्या वॉकला वीसेक जण होते, त्यात मीच सगळ्यात लहान, चव्वेचाळीसची! बाकी सगळे साठ ते ऐंशी. माझी पहिली अडचण चालण्याची नव्हती, हाक मारायची होती. शहात्तर वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, आणि इथे काका-आजोबा म्हणलं तर ते चमकून बघतात. शेवटी तोंडाने नाव आणि मनात आजोबा असं सुरू केलं, ते अजून तसंच चालू आहे. तर हे आजोबा, गळ्यात नकाशाचं प्लॅस्टिक पाकीट, पायात तीस वर्षं जुने वाटतील असे बूट, त्या दिवशी मी भराभर पुढे निघून गेले तेव्हा काही बोलले नाहीत, पण पुढच्या फाटकापाशी मी एकटीच उभी राहून पंधरा मिनिटं वाट बघत थंडीत कुडकुडले. ते आले आणि शांतपणे म्हणाले, "आपण डावीकडे वळलो होतो." बास.

तीन-चार महिने नुसती चालत राहिले. मग एकदा विचारलं गेलं की बॅकमार्कर होशील का. म्हणजे सगळ्यात शेवटी चालायचं, कुणी मागे राहत नाही ना बघायचं, आणि फाटकं बंद करायची. मला वाटलं हे काय काम झालं. पण ज्याने आयुष्यभर पुढे पळायची सवय लावून घेतली त्याने एकदा शेवटी चालून बघावं. कुणाची लेस सुटते, कुणाला झुडपामागे जायचंय पण सांगायची लाज, कुणी फोटो काढत बसलंय, आणि एक आजी दर चढाला थांबून फुलाचं नाव सांगतात, आणि तिसऱ्या वेळी लक्षात येतं की फुलाचं निमित्त आहे, दम लागलाय. मग आपणही फुलाबद्दल आणखी दोन प्रश्न विचारायचे. हे मला कुणी शिकवलं नाही, ट्रेनिंगमध्ये पण नव्हतं.

वॉक लीडरचं, म्हणजे वॉक ठरवून सगळ्यांना घेऊन जाणाऱ्याचं ट्रेनिंग नंतर आलं. थोडं ऑनलाइन, एक दिवस बाहेर. नकाशा वाचायला शिकले, आणि इथे माझा माज खरा उतरला. आपल्याकडे वाट चुकली की काय करतो, खालच्या वाडीतल्या मामांना विचारतो, ते हातातली काठी वर करून म्हणतात "हितनं सरळ, मग आंब्याच्या झाडापासनं वरती". नकाशाशी माझा कधी संबंधच आला नव्हता. इथे ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा असतो, आमच्या भागाचा नंबर १८१, त्यावर जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावर चार सेंटिमीटर, आणि त्यात शेताच्या कुंपणाची रेघ न् रेघ असते. हिरव्या तुटक रेघा म्हणजे कायद्याने सगळ्यांना चालायचा हक्क असलेल्या वाटा. प्रत्यक्षात खांबांवर बाण असतात, पिवळा म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकलवाले पण.

आणि गंमत म्हणजे ही वाट सरळ कुणाच्याही शेतातून जाते, कधी परसातून सुद्धा. मला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं, लोकांच्या उभ्या पिकातून काय जायचं. आपल्याकडे बांधावरून भावाभावांच्या दोन पिढ्या कोर्टात जातात! पण इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे १,४०,००० मैल आहेत, आणि १९४९ च्या कायद्याने काऊन्सिलांना त्यांचे अधिकृत नकाशे करायला लावलेत. तो कायदाही सहज आलेला नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर-शेफील्डकडची शेकडो कामगार पोरं किंडर स्काउटच्या डोंगरावर मुद्दाम चढली, तो डोंगर तेव्हा जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेला, आणि त्यातल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं. आजोबांनी ही गोष्ट मला एका फाटकाला टेकून सँडविच खाता खाता सांगितली, जशी आपल्याकडे कुणी मिठाच्या सत्याग्रहाची सांगेल तशी. त्यानंतर मी शेतातून जाताना मान खाली घालत नाही.

पण हक्क कागदावर आणि शेत जमिनीवर. मे महिन्यात मी एका वाटेची पाहणी करायला गेले होते (आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला थोड्या वाटा वाटून दिल्यात, वर्षातून एकदा तरी चालून बघायच्या), तर समोर नुसती पिवळीधमक रेपसीड, मोहरीच्या भावकीतलं पीक ते, माझ्या छातीइतकं उंच, आणि वाटेचा पत्ताच नाही. नियम असा की शेतकऱ्याने नांगरलं, पेरलं तरी चौदा दिवसांत मधली वाट किमान एक मीटर रुंद पुन्हा करून द्यायची. मी त्यातून घुसले खरी, बाहेर आले तेव्हा नाकापासून बुटापर्यंत पिवळी, खंडोबाच्या जत्रेतून आल्यासारखी. फोटो काढले, नकाशावरचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे नेमक्या जागेचा आकडा टाकला, काऊन्सिलच्या फॉर्मवर तक्रार टाकली. काही नाही. परत टाकली. पाच आठवड्यांनी जाऊन बघितलं तर ट्रॅक्टर फिरवून वाट केलेली, थोडी वाकडी, पण होती. त्या वाकड्या वाटेवरून मी उगाच दोनदा गेले आणि आले.

वाटा साफ करायला पण जातो आम्ही, महिन्यातून एका बुधवारी. कात्र्या, लांब दांड्यांचे लॉपर, चामड्याचे हातमोजे. ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली आणि नेटल, नेटल म्हणजे आपल्या खाजकुयलीची इंग्रज मावसबहीण, मोज्यावरनं सुद्धा चावते. ह्या बुधवारांना माझ्या थालीपिठांना इतकी डिमांड आहे की मला शंका आहे निम्मे लोक त्यासाठीच येतात.

गायींचं एक सांगायचं राहिलं. आपण गायीच्या पाठीवर हात फिरवून पुढे जाणारे लोक, त्यामुळे ट्रेनिंगमध्ये गायींवर वीस मिनिटं बोलले तेव्हा मला हसू येत होतं. नंतर एका कुरणात पंधरा-वीस तरुण बैल आमच्या मागे लागले. हल्ला वगैरे काही नाही, नुसती उत्सुकता, पण पाचशे-सहाशे किलोची उत्सुकता वीस जणांच्या मागे दुडक्या चालीने यायला लागली की पोटात गोळा येतो. पळायचं नाही, ओरडायचं नाही, एकत्र राहून शांतपणे फाटक गाठायचं, आणि कुत्र्यामागे लागलेच तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्यायचा, तो आपलं बघून घेतो. मी शेवटी होते. मी मनात रामरक्षा म्हणत होते, आणि तोंडाने सगळ्यांना सांगत होते, काही नाही, चालत राहा.

मग मागच्या फेब्रुवारीत मला पहिला स्वतःचा वॉक मिळाला. वेंडोव्हर स्टेशनपासून बेकम हिल, कूम हिल, चेकर्सच्या बाजूने आणि डन्समोरवरून परत, साधारण साडेसहा मैल. रूट मीच काढला. वेळ काढायला नेस्मिथचा नियम आहे, १८९२ सालचा, एका स्कॉटिश गिर्यारोहकाचा, तासाला तीन मैल आणि दर दोन हजार फूट चढाला एक तास जास्त. हिशोब आला अडीच तासांच्या आसपास. आजोबा बघून म्हणाले, "नेस्मिथबरोबर आमची मंडळी नव्हती." चार तास धरले.

रेकी दोनदा केली. एकदा नवऱ्याला घेऊन गेले, तो पूर्ण वेळ "तुला ह्याचे पैसे मिळतात का" एवढंच विचारत होता. इथली माती भयंकर आहे. खाली खडूचा डोंगर आणि वर गारगोट्या मिसळलेली चिकणमाती, पाऊस झाला की बुटाला अर्धा अर्धा किलो चिकटते आणि खडू ओला झाला की शेवाळावर पाय पडल्यासारखा सटकतो. मी सगळं वहीत लिहिलं, कुठे फाटक, कुठे कुंपणावरून चढायची लाकडी पायरी म्हणजे स्टाइल, कारण दोन जणांचे गुडघे बदललेले आहेत आणि त्यांना स्टाइल म्हणजे हरिहरच्या पायऱ्याच, कुठे बसायला जागा, टॉयलेट कुठे (कुठेच नाही).

वॉकच्या दिवशी स्टेशनबाहेर चौदा जण. मी, बॅकमार्करला आजोबा, आणि बाकी बारा. लीडरने मोजायचं आणि मोजत राहायचं. मी सूचना द्यायला लागले तर आवाज चिरका यायला लागला, इंग्रजी ऐनवेळी पळून गेली, रस्ता ओलांडताना एका ओळीत चला हे सांगायला मला तीन वाक्यं लागली. सॅकमध्ये मी सगळ्यांसाठी क्रोसिन ठेवली होती, आपली सवय, पण लीडरने कुणाला गोळी द्यायची नाही असं शिकवलं होतं, त्यामुळे ती तशीच घरी परत आली.

कूम हिलवर वारा असा की थर्मासमधला चहा कपात पडायच्या आधी तिरका व्हायचा. तिथे बोअर युद्धातल्या सैनिकांचं स्मारक आहे आणि खाली सगळं आयल्सबरीचं खोरं पसरलेलं, मी माझं घर शोधत होते. डोक्यावर लाल घारी, शेपटीचा द्विशूळ करून. ह्या घारी इथनं पार संपल्या होत्या, १९८९ ते १९९४ मध्ये स्पेनमधून पिल्लं आणून सोडली तेव्हा परत आल्या. मी पण बाहेरचीच, असं काहीतरी बोलले मी, सगळे हसले, आणि तिथून माझा आवाज सरळ झाला.

चेकर्स म्हणजे पंतप्रधानांचं गावाकडचं घर, आणि रिजवे नावाची पायवाट त्याच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला चक्क आडवी जाते. कॅमेरे आहेत, सूचनांच्या पाट्या आहेत, पण वाट आहे म्हणजे आहे. आपल्याकडे साधा तालुक्याचा आमदार असेल तरी दोनशे मीटर आधी शिट्टी वाजते. तिथून पलीकडे जंगलात शिरलो, बीचची उंच झाडं, पानं नसलेली, आणि एका तिठ्यावर थांबवून मी मोजले.

पंधरा.

परत मोजले. पंधरा. कुणी कमी झालं तर काय करायचं हे सगळं ट्रेनिंगमध्ये होतं, कुठे थांबायचं, कुणाला मागे पाठवायचं, कधी फोन करायचा. जास्त झालं तर काय करायचं हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. मी स्वतःला दोनदा मोजतेय का म्हणून तिसऱ्यांदा बोटावर मोजलं. शेवटी आजोबांकडे बघितलं, त्यांनी हळूच डोळ्यांनी दाखवलं, निळ्या टोपीतला एक माणूस, फुलांवाल्या आजींशी गप्पा मारत उभा. कूम हिलवर वाट विचारायला आला म्हणे, आणि मग बोलता बोलता बरोबरच निघाला, बायको जाऊन वर्ष झालं, शनिवारी घरी बसवत नाही, असं आजींना सांगत होता. आजोबांनी त्याला दोन मैल मागून बघितलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, तो काही हरवलेला नव्हता.

डन्समोरवरून उतरताना एक जण घसरला, पँट पांढरी झाली, बाकी काही नाही. स्टेशनला पोचलो तेव्हा चार तास वीस मिनिटं झाली होती. घरी येऊन गरम पाण्यात पाय टाकून लीडरचा फॉर्म भरायला घेतला, त्यात रकाना असतो, किती जण आले. १४ लिहिले, मग खोडून १५ केले.