पिवळी नळी, निळी नळी

फिश टँक हलवायचं काम घेतलं की मी घरच्यांना आधीच बजावतो, आज मासे माझे, तुम्ही फक्त कोपरा मोकळा करून द्या. त्या घरी नेमकं हेच सांगायचं राहून गेलं.

जुनी टाकी दोन फुटी, नऊ वर्षं एकाच जागी. आत दोन पॅरट फिश आणि हातभर वाढलेला एक सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा. घर बदलतोच आहोत तर माशांनाही मोठं घर घेऊ, असं काकांनी ठरवलं. नवी टाकी चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. काम बघायला गेलो तेव्हा जुन्या टाकीतलं पाणी आरशासारखं होतं. "पाणी झकास ठेवलंय," असं म्हणून मी मापं घेतली आणि निघालो. पाणी तपासायचं टेस्ट किट गाडीत पडून होतं. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथंच आहे.

हलवायच्या दिवशी हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबलो. गरम हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते. जुनं पाणी दोन ठिकाणी काढलं. पंचवीसेक लिटर माशांच्या ड्रममध्ये, उरलेलं कॅनमध्ये. फिल्टरच्या स्पंजात पाणी साफ ठेवणारे जिवाणू असतात, म्हणून तो न धुता, जुन्याच पाण्यात बुडवून, उघड्या बादलीत हवेचा पंप लावून ठेवला. पॅरट पटकन सापडले. सकर मात्र गायब! शेवटी पोकळ लाकूड उचललं तर ते नको इतकं जड लागलं. महाराज आत. त्याला जाळीत धरायचं नसतं, कल्ल्यांजवळचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा फाटतो. लाकडासकटच ड्रममध्ये सोडला. खडी हलवली तशी तळाची काळी घाण वर आली आणि खोलीभर कुजक्या अंड्यांचा वास. ती खडी तिथंच टाकून दिली.

नव्या घरी स्टँड लेव्हल करण्यात वेळ गेला. त्या टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच पाव टन. एका पायाखाली दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी सगळा ताण काचेच्या जोडावर येतो. मी फरशीवर पालथा पडून पाचर सरकवत होतो, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, मासे वर येऊन तोंड उघडतायत."

ड्रमजवळ गेलो. दोन्ही पॅरट पाण्याच्या पातळीला चिकटलेले, कल्ले भात्यासारखे चालू. पंपाच्या नळीच्या टोकाचा हवेचा दगड तर व्यवस्थित बुडबुडे सोडत होता.

"यात काही घातलंत का?"

"पाणी पिवळट वाटलं, म्हणून अर्धी बादली ताजं घातलं. नळाचंच आहे हो, चांगलं."

डोक्यात पहिलं नाव आलं क्लोरिनचं. लगेच ते घालवणारं थायोसल्फेट टाकलं. दहा मिनिटं गेली, फरक शून्य. तेव्हा कुठे मी गाडीतून किट आणलं.

कॅनमध्ये राखून ठेवलेल्या जुन्या पाण्याची पीएच नळी पिवळीधमक निघाली, म्हणजे सहा किंवा त्याहून खाली; पीएचचा आकडा जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्लधर्मी. ड्रममधल्या पाण्याची निळसर, साडेसातच्या आसपास. मग दोन्हींत अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारं विष, तपासला. दोन्ही नळ्या गडद हिरव्या! अमोनिया दोन्हीकडे भरपूर होता, पण जुन्या पाण्यात मासे मजेत जगत होते आणि ड्रममध्ये मरायला टेकले होते.

वर्षानुवर्षं पाणी जेमतेम बदललं गेलं होतं. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि पाण्यातले क्षार ते पचवत संपून जातात. पीएच सहावर आला की जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साठत जातो. तरी मासे तगतात, कारण इतक्या आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि ते फारसं जाचत नाही. पीएच एक अंकाने चढला की विषारी, मोकळ्या अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. क्षार संपलेल्या पाण्याला पीएच चढवायला अर्धी बादली पुरते. काकूंनी विष घातलं नव्हतं. आधीच तिथं असलेलं जागं झालं होतं.

अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर ड्रमच्या मापाने टाकलं आणि दुसरा पंप लावला. नवी टाकी भरून पाण्यातलं क्लोरिन घालवलं, तापमान जुळवलं. मग माशांना नव्या पाण्याची हळूहळू सवय व्हावी म्हणून हवेच्या नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने ड्रममध्ये सोडलं. एरवी अशा माशांना मी अख्खा दिवस देतो, पण इथे ड्रममध्ये ठेवण्यातच जास्त धोका होता. तीन तासांत उरकलं. पॅरट तोवर खाली गेले होते, कल्ले शांत. काकू ड्रमशेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या, हात मांडीखाली दाबून.

ज्या स्पंजला मी दिवसभर तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्यातले जिवाणूही अर्धे झोपलेलेच असणार. म्हणून आठवडाभर खाणं नावापुरतं आणि रोज अमोनिया तपासायचा, असं काकांना सांगितलं. किट त्यांच्याकडेच ठेवून आलो.

निघताना रात्रीचे अकरा वाजले होते. पॅरट नव्या टाकीच्या एका कोपऱ्यात, जुन्या टाकीएवढ्याच जागेत, घुटमळत होते. सकर अजून लाकडातच होता.