लायब्ररीच्या तासाला बायबल

आज लेक घरी आली ती फुरंगटूनच. वर्गातली निम्मी पोरं लायब्ररीच्या तासाला बसने चर्चमध्ये गेली बायबल शिकायला, येताना कँडी घेऊन आली, आणि ही बाकीच्यांबरोबर रंगवत बसली. आम्ही अमेरिकेत ओहायोत, शाळा पब्लिक, म्हणजे सरकारी बरं का! मला वाटलं हे चालतं कसं, तर चक्क चालतं. 1948 ला सुप्रीम कोर्टाने शाळेच्या आवारात धर्माचे वर्ग नको म्हटलं, पण 1952 च्या झोरॅक खटल्यात आवाराबाहेर, आईवडिलांच्या परवानगीने, सरकारी पैसा न लावता चालेल असं 6 विरुद्ध 3 ने ठरलं. आता इथे 2025 पासून तर प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) पोरांना असं सोडायची पॉलिसी ठेवावीच लागते, फक्त मेन विषयांचे तास बुडवायचे नाहीत.

परवानगी वगैरे ठीक आहे हो, पण आठ वर्षांच्या पोरीला "मीच का नाही" हे कसं सांगायचं? नवरा म्हणतो कायदा सगळ्या धर्मांना सारखाच, आपणही नेऊ की पोरांना अथर्वशीर्ष शिकवायला. नेऊ ना, पण मंगळवारी भर दुपारी गाडी कोण काढणार, इथे रविवारच्या मराठी शाळेलाच व्हॉलंटिअर मिळत नाहीत 😀