खिशातली बारकोडची कांडी

कराडला आमच्या बाबांचं मेडिकल. औषध दिलं, पैसे घेतले, बिल फाडलं, की काम झालं. त्यामुळे १९९९ मध्ये इथे ओहायोत हॉस्पिटलच्या फार्मसीत लागले तेव्हा मी चक्रावलेच. दिवसभर वॉर्डात फिरायचं, फायली वाचायच्या, डॉक्टरांना फोन करायचे, आणि यातल्या कशाचंच बिल होत नाही. बिल होतं ते औषधाचं. मग बजेटच्या वेळी वरची मंडळी विचारणारच, एवढे फार्मासिस्ट कशाला?

त्याचं उत्तर आमच्या खिशात असायचं. बारकोड वाचणारी, जाडसर पेनाएवढी कांडी, टोकाला लाल दिवा. सोबत लॅमिनेट केलेलं कार्ड आणि त्यावर बारकोडच्या ओळी: डोस बदलला, औषध बंद करवलं, शिरेतलं औषध गोळीवर आणलं, ॲलर्जी लक्षात आणून दिली. डॉक्टरांनी ऐकलं की नाही. किती मिनिटं गेली.

समजा, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक दर आठ तासांनी लिहिलंय आणि पेशंटचं क्रिएटिनिन चढत चाललंय, म्हणजे किडनी मंदावतेय. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. साचलं तर किडनीला आणि कानांनाही इजा करतं. फोन करून अंतर वाढवून घ्यायचं. मग फायलीवरचा एक कोड, कार्डावरचे तीन. चार वेळा टुक. संध्याकाळी कांडी कॉम्प्युटरशेजारच्या खाचेत ठेवली की दिवसाचा हिशेब उतरायचा. आधी हे सगळं कागदावर लिहायचे म्हणे. शिफ्ट संपताना कोण लिहितंय!

पण ज्या दिवशी खरी धावपळ, त्या दिवशी कांडी खिशातच राहायची. माझ्या निवांत दिवसांचे आकडे सगळ्यांत देखणे निघायचे.

(औषधांच्या पाकिटांवर बारकोड हवाच, हा एफडीएचा, म्हणजे इथल्या औषध नियामक संस्थेचा, नियम २००४ चा. त्याआधी आम्ही स्वतःलाच स्कॅन करत होतो म्हणा ना.)

वॉरफरिन म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध. आमच्या वॉरफरिन क्लिनिकमध्ये एक मराठी आजी यायच्या. लेकाकडे राहायला आलेल्या, पायात रक्ताची गुठळी झालेली. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये हवा, यांचा १.४. डोस वाढवायची चिठ्ठी जवळजवळ तयार होती. मी मराठीतून विचारलं, “आजी, जेवणात काय असतं हल्ली?” सुनेला इथे पालक स्वस्त मिळतो, म्हणून रोज पालकाची भाजी, कधी पालकाचं पिठलं. पालकातलं के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या थेट उलट काम करतं. पालक सोडू नका, पण रोज सारखाच बेताने खा, हे पटवून देईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. बोलण्यात त्यांची कराडची नणंदही मध्येच निघाली.

कार्डावर ‘आहाराचा सल्ला’ होता. वेळेचा सगळ्यांत मोठा कोड पंधरा मिनिटांचा. तोच ओढला. टुक.

आज दुकानांत दिसतो तसल्या बारकोडची पहिली वस्तू, च्युइंगगमचं पाकीट, विकलं गेलं ते याच ओहायोतल्या ट्रॉय गावच्या किराणा दुकानात, २६ जून १९७४ ला. आजींनाही तो आवाज दुकानातूनच ओळखीचा. पर्समध्ये हात घालत त्यांनी विचारलं, “किती झालं गं?”