चित्र स्पष्ट आहे

सीसीटीव्ही बसवणे आणि त्यांची देखभाल करणे या व्यवसायात मी १७ वर्षे आहे आणि माझी निम्म्याहून अधिक कामे परमिट रूम, लॉज आणि ऑर्केस्ट्रा बार यांची असतात. गेल्या वर्षी जुलै महिन्यात, ठाणे जिल्ह्यातील महामार्गालगतच्या एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये रात्री मंचावरच्या फॉल्स सीलिंगमध्ये शॉर्ट सर्किट झाले आणि काही मिनिटांत हॉल धुराने भरला. कोणी दगावले नाही. दोन वेटरना धुराचा त्रास झाला आणि गाणाऱ्या एका बाईंचे मनगट अंधारात पडून मोडले. तिथले १६ कॅमेरे मी बसवलेले असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता पोलीस ठाण्यातून मला बोलावणे आले.

फुटेज देणे म्हणजे पेन ड्राइव्हवर फाइल उतरवून देणे, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात पहिले काम घड्याळाचे असते. तिथल्या डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राला, मालकाने इंटरनेटची जोडणी कधीच दिली नव्हती, त्यामुळे मार्चमध्ये मी लावून दिलेले त्याचे घड्याळ चार महिन्यांत ९ मिनिटे मागे पडले होते. पंचांसमोर मोबाइलचे घड्याळ आणि डीव्हीआरचा पडदा एकाच छायाचित्रात येतील असा फोटो काढला आणि तो फरक पंचनाम्यात लिहून घ्यायला लावला. तेवढ्यावर न थांबता गल्ल्यावरच्या कॅमेऱ्यात मॅनेजर अग्निशमन दलाला फोन लावताना दिसत होता, ती वेळ त्याच्या मोबाइलमधल्या कॉलच्या नोंदीशी ताडून पाहिली. तिथेही ९ मिनिटांचाच फरक आला. हे केले नाही तर न्यायालयात पहिल्याच उलटतपासणीत सगळे फुटेज निकामी ठरू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅशही, म्हणजे फाइलमध्ये जराही फेरफार झाला तर बदलणारा आकड्या-अक्षरांचा संकेतही, नोंदवावा लागतो. तपास अधिकाऱ्यांनी हे सगळे शांतपणे करू दिले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत, कारण ‘लवकर आटपा’ म्हणणारेच मला अधिक भेटले आहेत.

फुटेज किती दिवसांचे आहे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर देताना मला लाज वाटली. ११ दिवसांचे होते. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा, सेकंदाला दोन मेगाबिट (एमबीपीएस) वेगाने नोंद करत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा खातो. १६ कॅमेऱ्यांचे दिवसाला साधारण ३४५ जीबी होतात आणि ३० दिवसांसाठी १० टीबीहून अधिक जागा लागते. मी दरपत्रकात तेवढ्या क्षमतेच्या डिस्क लिहिल्या होत्या, मालकाने ४ टीबीची एकच घेतली. परवान्याच्या तपासणीला येणारे बहुतेक जण कॅमेरे मोजतात आणि पडद्यावर सगळे चौकोन उजळलेले आहेत ना, एवढे पाहतात. सर्वांत जुनी नोंद कोणत्या तारखेची आहे, हे विचारणारा अधिकारी मला १७ वर्षांत दोनदा भेटला.

त्या बारमध्ये गाण्याच्या मंचाकडे आणि बायकांच्या मेकअप रूमकडे एकही कॅमेरा नव्हता आणि तसाच तो नसायला हवा होता. डान्स बारसाठीच्या २०१६च्या कायद्याखाली नाचगाण्याच्या जागेत कॅमेरे लावण्याची जी अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ रोजी खासगीपणाचा भंग होतो म्हणून रद्द केली आणि तो निर्णय मला पूर्णपणे पटतो. ऑर्केस्ट्रा बारमध्येही मी तेच पाळतो. मात्र मेकअप रूममधून बाहेर पडल्यावर स्वयंपाकघराच्या मागून जाणारा एक अरुंद बोळ आहे, त्याच्या टोकाला आपत्कालीन मार्गाचे लोखंडी दार आहे आणि तिथे मी कॅमेरा क्रमांक ११ लावला होता.

या कॅमेऱ्याचा मला अभिमान होता. छताखालून एक्झॉस्टचा डक्ट जात असल्यामुळे तो मी सात फुटांवर, म्हणजे नेहमीपेक्षा खाली बसवला होता. दिवे गेल्यावर कॅमेरे इन्फ्रारेडवर जातात आणि वर साठलेला धूर तो प्रकाश परतवतो, त्यामुळे हॉलच्या तोंडाशी असलेल्या उंच कॅमेऱ्यांत पांढऱ्या धुक्याशिवाय काही उरले नव्हते. क्रमांक ११ मध्ये मात्र शेवटपर्यंत माणसे दिसत होती. सगळ्या यंत्रणेला वेगळा यूपीएस हवा, यासाठी मी मालकाशी भांडलो होतो, त्यामुळे मुख्य वीज गेल्यावरही नोंद चालू राहिली. कॅमेऱ्याला बॅटरी होती. त्या दारावरच्या ‘बाहेर’ या पाटीला नव्हती.

डीव्हीआरच्या घड्याळात १० वाजून ४३ मिनिटे, म्हणजे खरे १० वाजून ५२ मिनिटे झालेली असताना त्या बाई बोळात येतात. त्यांच्यामागे आणखी तिघी आणि एक ढोलकवाला आहे. दाराच्या कडीला पितळी कुलूप आहे. त्या ते ओढून पाहतात, दारावर हाताने मारतात आणि मग मागे वळून थेट कॅमेऱ्याकडे बघत दोन्ही हात हलवतात. पलीकडे कोणी बसले आहे आणि ते आपल्याला पाहत आहे, असे समजून केलेली ती खूण होती. पडदा गल्ल्यापाशी होता आणि त्या वेळी गल्ल्यावर कोणीही नव्हते. स्टुअर्ड किल्ली घेऊन पोहोचेपर्यंत २ मिनिटे ४० सेकंद गेली. त्यातच मागून आलेल्यांचा धक्का लागून त्या पडल्या.

दार उघडेच होते, असे मालकाने आदल्या रात्री जबाबात सांगितले होते. आम्ही ११ रात्रींचे फुटेज पाहिले. रोज ९ च्या सुमारास स्टुअर्ड येतो, कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकतो. गिऱ्हाइके बिल न देता मागून पळतात म्हणून हे केले जाते, असे मॅनेजरने मान्य केले. अमेरिकेत बॉस्टन शहरातल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागून ४९२ माणसे मेली, तिथेही बाजूची दारे याच कारणासाठी बंद केलेली होती, हे मी नंतर वाचले. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीने ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीपासून बचावाची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, द्यायचा असतो. या बारचा त्याच महिन्याचा फॉर्म फाइलमध्ये व्यवस्थित लावलेला होता. तो देणारी व्यक्ती दिवसा आली असणार आणि दिवसा त्या दाराला कुलूप नसते.

असे मी मनाशी म्हणत असतानाच अधिकाऱ्यांनी विचारले, “११ दिवसांच्या आधीचे काहीच मिळणार नाही का?” तेव्हा मला आठवले की देखभालीच्या अहवालाला मी प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्राची प्रत जोडतो. मार्चमधली फेरी उशिरा झाली होती, रात्री साडेनऊला. लॅपटॉपवर फाइल उघडली. क्रमांक ११ च्या चित्रात दार, कडी आणि पितळी कुलूप अगदी ठळक दिसत होते. खाली माझ्या सहीनिशी शेरा होता : ‘चालू. भिंग पुसले. चित्र स्पष्ट आहे.’

अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “तुम्ही तेव्हा हे पाहिलं नव्हतं का?”

मी पाहिले होते. रंग बरोबर आहे का, कडा धूसर आहेत का, कुलपावरची चमक चित्र बिघडवते का, हे सगळे मी पाहिले होते. आपत्कालीन दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे, हा नियम मला तेव्हाही माहीत होता. तरी दाराला कुलूप आहे, हा विचार माझ्या मनात आला नाही. माझ्या अहवालात चित्र कसे दिसते याचा रकाना होता आणि मी तो भरला होता. हेच मी जबाबात सांगितले आणि ती प्रत त्यांच्याकडे दिली. पोलिसांचा अंतिम अहवाल अजून न्यायालयात गेलेला नाही. त्या बाईंना भेटावे असे अनेकदा वाटले, पण साक्षीदार म्हणून तसे करणे योग्य नाही, असे मला सांगण्यात आले.

ऑगस्टपासून माझ्या अहवालात ‘चित्रात काय दिसते’ असा वेगळा रकाना आहे आणि बारच्या फेऱ्या मी रात्री ९ नंतरच करतो. पहिल्या महिन्यात चार ठिकाणी मला त्या रकान्यात ‘आपत्कालीन दाराला कुलूप’ असे लिहावे लागले. दोन मालकांनी माझ्यासमोर कुलूप काढून आतून दाबताच उघडणारा पॅनिक बार बसवण्याचे कबूल केले आणि त्यांपैकी एकाने तो खरोखर बसवला. तिसऱ्याने देखभालीचा करार मोडला. चौथ्याने अहवाल वाचून झाल्यावर तो कॅमेरा भिंतीकडे वळवून द्यायला सांगितले.