निकाल नंतर, आधी रोजनामा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये हा विषय निघाला की मी चहाचा कप घेऊन खिडकीशी जातो.

प्रश्न ठरलेला असतो. "वकीलसाहेब, राज्यघटना, राजकारण, हे सगळं नीट समजून घ्यायचंय. एकच पुस्तक सांगा." विचारणारेही ठरलेले. स्पर्धा परीक्षेची पोरं, नुकतेच निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत व्हरांड्यातल्या बाकड्यावर दिवस काढणारे पक्षकार.

पूर्वी मी घटनेवरच्या एका जाडजूड कॉमेंटरीचं, म्हणजे भाष्यग्रंथाचं, नाव सांगून मोकळा व्हायचो. त्यात माझा थोडा रुबाबही असायचा. वाचून परत आला असा एकही माणूस आठवत नाही. एक पोरगा मात्र दोन महिन्यांनी कोर्टाच्या आवारात गाठून म्हणाला, "साहेब, चाळीस पानांच्या पुढं जाता येत नाही, झोप लागते." खरं सांगायचं तर माझीही तीच गत होती. कायद्याची परीक्षा मी गाइडवर दिली. अनुच्छेद ४० माझ्या गाइडमध्ये एका ओळीत होता: ग्रामपंचायतींचं संघटन, मार्गदर्शक तत्त्व, आणि कंसात 'गांधीवादी'. त्या कंसाखाली मी लाल रेघ मारली होती, कारण तो दोन मार्कांचा होता.

कोर्टात पंचवीसेक वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की नुसता निकाल वाचून खटला समजत नाही. रोजनामा, म्हणजे खटल्यात रोज काय घडलं याची नोंद, बघावा लागतो, उलटतपास वाचावा लागतो. कोण कुठं अडखळलं, कुणी काय कबूल केलं, कुठला मुद्दा पहिल्या दिवशी जोरात होता आणि शेवटी कुणी काढलाच नाही. घटना हा निकाल आहे. तिचा रोजनामा म्हणजे संविधान सभेतल्या चर्चा. माझं उत्तर तेच पुस्तक.

पुस्तक म्हणणं जरा धाडसाचं आहे. बारा खंड आहेत. ९ डिसेंबर १९४६ ला सभा पहिल्यांदा बसली, एकूण १६५ दिवस कामकाज चाललं. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे ऐकून माणूस घाबरतो, म्हणून मी लगेच सांगतो: सगळं वाचायचं नाही. सातवा खंड उघडायचा आणि ४ नोव्हेंबर १९४८ पासून सुरू करायचं.

त्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी मसुदा सभेपुढं ठेवला. त्यावर एक मोठा आक्षेप होता, की यात खेड्याला स्थान नाही. भारतातली गावं म्हणजे छोटी गणराज्यं, राजवटी आल्या-गेल्या पण गाव टिकलं, असं मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं होतं आणि आपल्याकडं ते अभिमानानं सांगितलं जायचं. बाबासाहेबांनी मेटकाफचा उताराच वाचून दाखवला आणि विचारलं, टिकलं हे ठीक, पण कुठल्या पातळीवर टिकलं? खेडं म्हणजे स्थानिक कोतेपणाचं डबकं, अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा, याहून वेगळं काय आहे? मसुद्यानं खेडं बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानला याचा मला आनंद आहे, असंही त्यांनी सांगून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी मध्य प्रांत-वऱ्हाडचे ह. वि. कामत उठले. हा शहरी शहाण्यांचा तोरा आहे, असंच ते म्हणाले. त्यांच्यामागून इतरही खेड्याच्या बाजूनं बोलले. पुढं संयुक्त प्रांतातल्या बेगम ऐजाज रसूल उभ्या राहिल्या आणि त्यांनी आंबेडकरांची बाजू घेतली: गावपंचायतीसुद्धा हुकूमशाही करू शकतात, म्हणून हक्क नागरिकाचा असावा. हे वाचताना मी थांबलो होतो. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या फिर्यादींचा सारांश त्या बाईंनी १९४८ सालीच सांगून ठेवला होता.

मग २२ नोव्हेंबर. के. संतानम यांनी दुरुस्ती मांडली, की राज्यानं ग्रामपंचायती संघटित कराव्यात आणि स्वराज्याचे घटक म्हणून चालतील एवढे अधिकार त्यांना द्यावेत. एवढी झोंबाझोंबी झाल्यावर आता आंबेडकर फाडून काढतील असं वाटतं. ते म्हणतात, दुरुस्ती मला मान्य आहे. संपलं. गंमत अशी की मान्य झाल्यावरही सदस्यांची भाषणं थांबत नाहीत. आमच्यातही असे वकील असतात, अर्ज मंजूर झाला तरी युक्तिवाद आवरत नाहीत.

माझ्या गाइडातली ती लाल रेघेची ओळ ती हीच. आता तिच्याकडं पाहिलं की तो कंस खोटा वाटतो. ते तत्त्व गांधीवादी आहेच, पण ते मान्य करणाऱ्या माणसानं अठरा दिवस आधी काय म्हटलं होतं, हे कंसात मावत नाही. पुढं ७३ वी घटनादुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तिच्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि बायकांसाठी राखीव जागा आल्या. पंचायत हवी, पण गावात वर्षानुवर्षं ज्यांची चालली त्यांच्याच हाती ती जाऊ नये, ही अक्कल त्या नोव्हेंबरातल्या दोन्ही बाजूंची मिळून आहे, असं मला वाटतं.

एकदा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, झेंडावंदन झाल्यावर, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी हुशारी करून तो डबक्याचा उतारा मराठीत सांगितला. सभा गप्प. सरपंचांनी घसा खाकरला. मागं खांबाला टेकून बसलेले एक आजोबा म्हणाले, "कुठल्या गावाबद्दल बोलले ते?"

"सगळ्याच गावांबद्दल, आजोबा."

"मग ठीक आहे. आपल्याला काय लागायचं कारण नाही."

सगळे हसले. एक सदस्यबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या वस्तीचा नळ दोन वर्षं ठरावातच होता. सभा पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ते परत एकदा सांगा, मला लिहून घ्यायचंय." चपला घालता घालता मी सांगितलं, त्यांनी ग्रामसभेच्या नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.

बाकीची पुस्तकं? आहेत की. सरकार शेतकऱ्यापर्यंत पोचता पोचता त्याचं काय होतं, हे बघायचं असेल तर जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ चा. कलेक्टर कचेरीत जाण्याआधी वाचावा, भाषा जुनी असली तरी धार गेलेली नाही. घटना कशी घडली याची सलग गोष्ट हवी तर ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांचं १९६६ चं पुस्तक चांगलं आहे, पण ते चर्चेनंतर वाचा.

आणि एक निकालपत्रही सुचवतो, त्यातलं हरलेल्या बाजूचं. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक असं ठरवलं की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी उच्च न्यायालयाकडं दाद मागता येणार नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना. चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं तो निकाल मोडीत काढला आणि तसं लिहिणारे होते त्यांचेच चिरंजीव. आधी चौघांचं वाचा, मग खन्नांचं. चौघंही तर्काला कच्चे नाहीत, आणि भीती तिथंच वाटते.

इंग्रजीचं काय, असं पोरं हमखास विचारतात. अडतं, खोटं कशाला बोलू. पण ही भाषणं आहेत, समोरच्याला पटवण्यासाठी केलेली, त्यामुळं कॉमेंटरीपेक्षा सोपी जातात. रोज एकाच माणसाचं भाषण वाचायचं आणि शेजारी घटनेची मराठी प्रत ठेवायची. चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यामुळं पैशाची सबब नको.

छापील खंड माझ्याकडं आहेत, पण सातवा सध्या घरात नाही. चाळीस पानांवर झोपणारा तो पोरगा घेऊन गेलाय. परवा त्याचा रात्री साडेअकराला फोन आला. मी घाबरून उचलला, तर म्हणतो, "साहेब, कामतांना उत्तर कोण देतं पुढं?" मी म्हटलं, वाच की. आणि पानं दुमडू नकोस.