आधी तुटक रेघ ओढा

मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या मुलांना थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या देवाणघेवाणीचं शास्त्र, शिकवते. पहिलं प्रकरण व्याख्यांचं असतं. त्यात गणितं नाहीत म्हणून मुलं ते पाठ करून पुढे पळतात. मी मात्र तिथे हट्टाने रेंगाळते. पुढे बॉयलर आणि इंजिनाच्या गणितात जे अडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

सुरुवात एका तुटक रेघेने होते. जे अभ्यासायचं ते रेघेच्या आत, ती सिस्टीम. बाहेर उरलं ते सराउंडिंग. रेघ म्हणजे बाउंडरी, आणि ती कुठे ओढायची हे आपण ठरवायचं. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच स्वातंत्र्य.

कुकरच घ्या. भांड्याभोवती रेघ ओढली, तर शिट्टी होईपर्यंत पाणी आणि वाफ आतच राहते, बाहेरून फक्त उष्णता येते. ही क्लोज्ड सिस्टीम. शिट्टी उडाली की वाफ रेघ ओलांडते आणि तेवढ्यापुरती ती ओपन होते. आतला दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं आणि डाळ लवकर शिजते. असं भांडं डेनिस पापँने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवलं होतं. त्याच पापँने १६९० मध्ये वाफेवर पिस्टन हलवण्याची कल्पना मांडली. मुलांना हे सांगितलं की ती कुकरकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

तिसरा प्रकार आयसोलेटेड, म्हणजे जिथे रेघ ओलांडून पदार्थही जात-येत नाही आणि ऊर्जाही नाही. थर्मास त्याच्या जवळपास जातो, पण रात्री भरलेला चहा सकाळी कोमटच निघतो.

आता खरा कळीचा मुद्दा. ‘या लोखंडात किती हीट आहे?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. वस्तूत असते ती अंतर्गत ऊर्जा. हीट (उष्णता) आणि वर्क (कार्य) ही ऊर्जेची फक्त रेघ ओलांडतानाची नावं. बँकेच्या खात्यात शिल्लक असते. रोखीने भरणा आणि चेकने भरणा हे व्यवहार असतात. शिलकीकडे बघून त्यातले कुठले रुपये रोखीचे आणि कुठले चेकचे हे सांगता येत नाही, तसंच हे. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक तापतं. जवळ विस्तव नाही, तरी आतली हवा तापली, कारण आपण तिच्यावर वर्क केलं.

तापमान आणि उष्णता यांची गल्लत तर फार जुनी. ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने १७६०च्या सुमारास ती सोडवली. बर्फ वितळताना उष्णता घेत राहतो, पण थर्मामीटर शून्यावरून हलत नाही. आकडे बोलके आहेत: एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात, आणि त्याच १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला २२५७. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून भयंकर का, ते यावरून कळावं. कातडीवर पाणी होताना वाफ ती सगळी उष्णता सोडून देते.

बारावी करून आलेल्या मुलांचा आणखी एक घोळ असतो. फिजिक्समध्ये अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे हीट वजा वर्क, आणि केमिस्ट्रीत हीट अधिक वर्क. दोन्ही बरोबर आहेत. फिजिक्स सिस्टीमने बाहेर केलेलं वर्क धन धरतं, केमिस्ट्री सिस्टीमवर झालेलं. वर्क रेघेच्या आत येतंय की बाहेर जातंय, एवढं बाणाने दाखवलं तर चिन्ह चुकत नाही. पाठांतराने मात्र हमखास चुकतं.

प्रकरण संपताना मी एकच प्रश्न देते. बंद स्वयंपाकघरात फ्रीजचं दार उघडं ठेवून तो तसाच चालू ठेवला, तर खोली गार होईल का? जी मुलं रेघ फ्रीजभोवती ओढतात ती अडकतात. खोलीच्या भिंतींवर ओढली की उत्तर एका ओळीत येतं: भिंती उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत असं धरलं, तर रेघ ओलांडून फक्त वीज आत येतेय, बाहेर काहीच जात नाही, म्हणून खोली तापतच जाणार.