कंपनी विकली गेली तेव्हा

आमची कंपनी तेलाची, पण छोटी. खंभातच्या खोऱ्यात काही जुन्या विहिरी आणि बडोद्यात अलकापुरीला ऑफिस. 2019 मध्ये एका मोठ्या समूहाने ती घ्यायची ठरवली. तेलक्षेत्रातला हिस्सा दुसऱ्याच्या नावावर करायला केंद्र सरकारची संमती लागते, त्यामुळे फायली दिल्लीत अडकल्या आणि इथे रोज नवी अफवा. एचआरचं एकच पालुपद, "काही बदलणार नाही." हे ऐकलं की शहाणी माणसं बायोडेटा काढतात.

खरी ठिणगी पडली ती रिटेन्शन बोनसवरून. नव्या मालकांनी हुद्दे बघून यादी केली. मॅनेजर आणि त्यावरच्यांना थांबण्याचे घसघशीत पैसे, फील्डवरच्यांना ठेंगा. यादी म्हणे गुप्त! दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. एकत्र जेवणारे लोक वेगळी टेबलं शोधू लागले.

दांडिया बाजारातले आमचे एक काका ऑपरेटर होते. आमच्या तेलात मेण फार, थंडीत नळ्या आतून बुजत जातात. गरम तेल कधी फिरवायचं हे काका पंपाचा आवाज ऐकून, फ्लोलाइनवर, म्हणजे विहिरीतून तेल नेणाऱ्या नळीवर, हात ठेवून सांगायचे. कुठल्याच एक्सेलमध्ये ते नव्हतं. नव्या ऑफरमध्ये त्यांची ग्रेड खाली आली. काका एका कंत्राटदाराकडे गेले आणि थंडी पडल्यावर त्याच विहिरींवर परत आले, कंपनीला कितीतरी महाग पडून.

मी थांबले, कारण घराचे हप्ते. पण ऑफर लेटर नीट वाचलं. जॉइनिंगची तारीख नवी कोरी, मागच्या नोकरीचा उल्लेखच नाही. कामगारांना औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25 एफएफचा आधार होता: मालक बदलला तर सेवा अखंड धरा, नाहीतर भरपाई द्या. मी मॅनेजर, त्यात बसत नव्हते. ग्रॅच्युइटी दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, आणि तोही शेवटच्या पगारावर. जुना हिशेब तिथेच मिटला असता तर कमी पगारावर मिटला असता, वर नव्या ठिकाणी ग्रॅच्युइटीसाठीची 5 वर्षांची अट पुन्हा पहिल्यापासून. म्हणून "आधीची सेवा अखंड धरली जाईल" ही ओळ लेखी मागितली. एचआरवाली पोरगी म्हणाली, "मॅडम, ते तर असतंच." असतंच, तर लिहा ना! बऱ्याच मेलामेलीनंतर लिहून आलं. शिल्लक रजाही त्याच पत्रात घालून घेतल्या.

पीएफमध्ये वेगळीच गंमत. जुन्या कंपनीने भरलेली एक्झिट डेट माझ्या नव्या जॉइनिंगच्या नंतरची निघाली. दोन नोकऱ्या एकाच वेळी दिसल्या आणि ट्रान्सफरचा क्लेम परत आला. जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कर्मचारी आणि कंपनीने मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज, भरून, दोन्हीकडच्या सह्या मिळवून तारीख दुरुस्त केली. काही जण कंटाळून पैसेच काढून मोकळे झाले. 5 वर्षं पुरी नसलेल्यांना त्यावर करही बसला.

आणि ती बोनसवाली मंडळी? रक्कम खात्यात जमा झाली त्याच महिन्यात त्यांच्यातल्या निम्म्यांनी राजीनामे दिले.